कुत्रा, डुक्कर आणि राजेपण: मिथकं नक्की करतात तरी काय

'मिथ' हा शब्द आपण हल्ली सर्रास 'खोटी समजूत' या अर्थाने वापरतो. माणूस मेंदूचा फक्त दहा टक्केच भाग वापरतो ही मिथ आहे, असं कोणी म्हणालं की आपल्याला लगेच कळतं, हे चुकीचं आहे आणि आता पुढे बरोबर काय ते येणार. त्यात 'मिथक' हा शब्द कानाला 'मिथ्या'च्या जवळचा लागतो, म्हणजे झालंच, निकाल शब्दातच लागून गेला. पण जी माणसं मिथकांचा अभ्यास करतात त्यांना या खऱ्याखोट्यात फारसा रस नसतो. मला सुरुवातीला ही पळवाट वाटायची, की बाबा रे, गोष्ट घडली होती की नाही ते सरळ सांग ना. नंतर हळूहळू लक्षात आलं की मी टोकच चुकीचं धरलं होतं. जमिनीचा सातबारा हातात आला की आपण त्यात काय बघतो? जमीन कोणाच्या नावावर आहे ते. बरीचशी मिथकं तशी वाचली की एकदम बोलायला लागतात.

आणि जुने लोक भोळे होते, जे सांगितलं ते गिळायचे, असंही नाही बरं का. ग्रीक भाषेत 'मिथॉस' म्हणजे आधी साधं बोलणं, सांगितलेली गोष्ट, एवढंच होतं. त्याला खोटेपणाचा वास नंतर लागला आणि तो लावणारे ग्रीकच होते. झेनोफानीस नावाचा एक विचारवंत अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून गेलाय की इथिओपियाच्या लोकांचे देव काळे आणि नकटे असतात, थ्रेसच्या लोकांचे निळ्या डोळ्यांचे आणि तांबड्या केसांचे, आणि घोड्यांना हात असते तर त्यांनी देवांची चित्रं घोड्यासारखीच काढली असती. म्हणजे शंका घेणारे तेव्हाही होते, तरी मिथकं टिकली. का टिकली हा खरा इंटरेस्टिंग प्रश्न.

आता आपण 'गोष्ट' म्हणतो त्यात एकाच पिशवीत बऱ्याच वस्तू कोंबलेल्या असतात. पॅसिफिकमध्ये न्यू गिनीच्या पूर्वेला ट्रोब्रिआंड नावाची बेटं आहेत, आज ती पापुआ न्यू गिनी देशात येतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की हा पोलिश मानवशास्त्रज्ञ तिथे दोन मुक्कामांत मिळून बराच काळ राहिला, त्यांची भाषा शिकला, आणि त्याला दिसलं की या लोकांनी स्वतःच गोष्टींचे कप्पे पाडलेत. 'कुक्वानेबू' म्हणजे करमणुकीच्या गोष्टी, पावसाळी दिवसांत शेकोटीभोवती सांगायच्या, हसायचं, सोडून द्यायचं. 'लिब्वोग्वो' म्हणजे घडलेलं म्हणून सांगायच्या गोष्टी, कोण कुठल्या सफरीवर गेलं, कुठली लढाई झाली, आपण आख्यायिका म्हणू अशा. आणि तिसरा प्रकार 'लिलिऊ', हा पवित्र. लिलिऊ टाइमपास म्हणून सांगत नाहीत, जेव्हा कुठला विधी, कुठला नियम, कुठला हक्क याबद्दल 'हे असं का?' असा प्रश्न येतो तेव्हा ती बाहेर काढतात. मिथक म्हणजे हा तिसरा कप्पा. गोष्टीत देव आहेत का राक्षस आहेत यावरून तो ठरत नाही, लोक ती गोष्ट कशासाठी बाहेर काढतात यावरून ठरतो.

मग लिलिऊत असतं काय? तर ट्रोब्रिआंडच्या लोकांचं म्हणणं असं की त्यांचे पूर्वज जमिनीखाली राहायचे, अगदी वरच्यासारखंच आयुष्य, आणि मग एकेक घराणं एकेका भोकातून वर आलं. भोक म्हणजे खरोखरची जागा, एखादी गुहा, दगडांचा ढीग, पाण्याचा झरा, बोट दाखवून सांगता येते अशी. आणि बहुतेक वेळा त्यातून कोण वर येतं, तर नवराबायको नाही, बहीण आणि भाऊ. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा विचित्र वाटलं होतं, पण त्यांच्याकडे कूळ आईकडून चालतं, म्हणजे वंश बहिणीचा आणि तिचा पाठीराखा भाऊ, नवरा या हिशोबात बाहेरचाच. त्यामुळे गोष्टीत नवऱ्याची गरजच नाही. आणि ज्या भोकातून तुमची मूळ बाई वर आली त्याच्या आजूबाजूची जमीन, मासेमारीची जागा, मंत्र हे सगळं तुमचं. म्हणून म्हटलं सातबारा. मालिनोव्स्कीने यासाठी सनद या अर्थाचा शब्द वापरला होता, 1926 साली त्याने यावर एक छोटं पुस्तक लिहिलं, पण सनद आता कोणी बघितलीये, सातबारा लगेच कळतो.

खरी गंमत पुढे आहे. ओबुकुला नावाचं एक भोक आहे, त्यातून एकाच घराण्याची माणसं नाही, तर तिथल्या चारही कुळांचे प्राणी वर आले, दर कुळाचा एक ठरलेला प्राणी. आधी आली घोरपड, नखांनी माती उकरत, आणि सरळ झाडावर जाऊन बसली बघत. मग कुत्रा आला, त्याचं कूळ तेव्हा सगळ्यात वरचं. मग डुक्कर. शेवटी चौथ्या कुळाचा प्राणी, तो कुठल्या व्हर्जनमध्ये मगर, कुठे साप, कधीकधी तर त्याला गाळूनच टाकतात. कुत्रा आणि डुक्कर इकडेतिकडे पळायला लागले, कुत्र्याला नोकू नावाच्या झुडपाचं फळ दिसलं, त्याने हुंगलं आणि खाल्लं. झालं, डुक्कर म्हणालं, तू नोकू खाल्लंस, घाण खाल्लीस, तू हलका, आता राजा मी. तेव्हापासून डुकराच्या कुळातली एक शाखा तिथे सगळ्यात मोठी, सरदार त्यांचेच.

एवढीच गोष्ट. पोराने सुद्धा विचारावं की एका फळावरून राज्य गेलं? पण जरा थांबून बघा ही गोष्ट काय करतेय. तिकडचा मूळ नियम काय, तर जो जिथून वर आला ती जागा त्याची. पण प्रत्यक्षात दुसरीकडून आलेलं एक वजनदार घराणं ठिकठिकाणी जाऊन बसलंय आणि तिथले मूळचे लोक त्यांच्यापुढे वाकतायत. म्हणजे नियम एक आणि परिस्थिती दुसरी, आणि या दोघांच्या मधली फट झाकायला कोण, तर नोकू खाणारा कुत्रा. जिथे सगळं सरळ असतं, भांडण नसतं, तिथे मिथकाची गरज फार पडत नाही, जिथे कोणीतरी 'पण हे असं का?' विचारण्याची शक्यता असते तिथेच ती जास्त घट्ट होतात. आणि या गोष्टीची प्रामाणिक बाजू म्हणजे कुत्रा आधी वरचा होता हे तिने लपवलेलं नाही. सातबाऱ्यावर जुन्या मालकाचं नाव कंस करून राहतं तसं ते राहिलंय.

राज्य मोठं झालं की हाच उद्योग मोठ्या प्रमाणावर चालतो. आजच्या इराकमधल्या प्राचीन बाबिलोनमध्ये सांगायचे ती सृष्टी निर्माण झाल्याची कथा सात मातीच्या पाट्यांवर आहे. तिआमात नावाची खाऱ्या समुद्राची आदिमाता देवांवर उठते, कोणाची लढायची हिंमत होत नाही, तेव्हा मार्दुक हा तरुण देव म्हणतो मी लढतो, पण अट एक, मला सगळ्यांचा राजा करायचं. तो तिला मारतो, वाळवायच्या माशासारखी चिरून दोन तुकडे करतो, एका तुकड्याचं आकाश होतं. तिच्या सेनापतीच्या रक्तातून माणूस बनवतात, कशासाठी, तर देवांची कामं करायला. आणि मार्दुक हा कुठला देव? बाबिलोन शहराचा. म्हणजे विश्वाची उत्पत्ती सांगता सांगता शहराचा मोठेपणा पक्का करून ठेवला. पुढे शेजारच्या अश्शूर राज्याच्या सेन्नाकेरिब राजाने इ.स.पू. 689 मध्ये बाबिलोन उद्ध्वस्त केलं, आणि अश्शूरमध्ये या कथेचं एक व्हर्जन सापडतं त्यात मार्दुकच्या जागी त्यांचा अश्शूर देव बसवलाय, बाकी कथा तीच. मालक बदलला, फेरफार नोंदवला.

बाबिलोनमध्ये ही कथा नुसती पाट्यांवर पडून नव्हती. नव्या वर्षाच्या सणात चौथ्या दिवशी संध्याकाळी ती देवापुढे म्हणायचे. आणि पाचव्या दिवशी, हे उशिराच्या काळातल्या पाट्यांवर लिहिलेलं आहे, राजाची राजचिन्हं काढून घ्यायची, पुजाऱ्याने त्याच्या थोबाडीत मारायची, कान धरून त्याला देवापुढे नेऊन गुडघ्यावर बसवायचं, मग राजा सांगणार की मी बाबिलोनशी वाईट वागलो नाही. मग चिन्हं परत, आणि परत एक थोबाडीत. डोळ्यातून पाणी आलं तर देव प्रसन्न, नाही आलं तर संकट. म्हणजे जी गोष्ट राजाला सत्ता देते तीच त्याला वर्षातून एकदा जमिनीवर पण आणते. मिथकं कायम सत्तेची चाकरीच करतात असं जे म्हणतात त्यांनी हा पाचवा दिवस पण बघावा.

आणि सातबारा म्हटला की त्यावर हरकत घेणारे पण आलेच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं पुरुषसूक्त, पुरुषाच्या मुखातून ब्राह्मण, बाहूंपासून राजन्य, मांड्यांपासून वैश्य, पायांपासून शूद्र, ही समाजाच्या उतरंडीला थेट विश्वाच्या जन्माशी जोडणारी कथा. महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी'त काय केलं, तर अशा जन्मकथांची अक्षरशः शब्दशः घेऊन थट्टा केली, आणि वामन-बळीची कथा उलटी फिरवली, बळी हा न्यायी राजा आणि वामन हा बाहेरून आलेला आक्रमक. 'हे सगळं खोटं आहे' एवढंच म्हणून ते थांबले नाहीत, त्यांनी समोर दुसरी गोष्ट उभी केली. कारण नुसत्या पुराव्याने मिथक हटत नाही, त्याची जागा घ्यायला तेवढ्याच ताकदीची गोष्ट लागते हे त्यांना बरोबर कळलं होतं.

याची काळी बाजू रवांडात दिसते. युरोपियन लोकांनी बायबलमधल्या नोहाच्या हाम नावाच्या मुलाशी धागा जोडून एक सिद्धांत बनवला होता की आफ्रिकेत जे काही राज्य वगैरे दिसतं ते उत्तरेकडून आलेल्या वरच्या वंशाने आणलं, आणि रवांडातल्या दोन मोठ्या समाजांपैकी तुत्सी म्हणजे ते आलेले, हुतू म्हणजे मूळचे. आधी ही कथा तुत्सींना वर बसवायला वापरली. मग सत्ता हुतूंकडे फिरली आणि तीच कथा, एक अक्षर न बदलता, उलटी झाली, की तुत्सी उपरे आहेत तर जाऊ देत परत. 1992 साली एका नेत्याने भाषणात सांगितलं की त्यांना न्याबारोंगो नदीतून शॉर्टकटने इथिओपियाला पाठवू. 1994 मध्ये साधारण शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली आणि नद्यांतून खरोखर प्रेतं वाहत गेली. कोण कुठून आलं ही गोष्ट सांगणं कधीच नुसती गोष्ट सांगणं नसतं ते यासाठी.

विल्यम टेलची गोष्ट त्यामानाने गोड म्हणायची, मुलाच्या डोक्यावरचं सफरचंद बाणाने उडवणारा, स्वित्झर्लंडच्या स्वातंत्र्याचा हिरो. टेल नावाचा माणूस होऊन गेल्याचा पुरावा नाही, आणि मुलाच्या डोक्यावरचं सफरचंद उडवणाऱ्या धनुर्धराची गोष्ट डेन्मार्कच्या जुन्या इतिहासात त्याच्या कितीतरी आधीच लिहिलेली आहे. 1760 मध्ये कोणीतरी हे पुस्तिका छापून सांगितलं तर ऊरी परगण्यात ती पुस्तिका जाहीरपणे जाळली. पूजाअर्चा नसली म्हणून काय झालं, काम लिलिऊचंच.

बरं, शाळेत आपल्याला वेगळंच सांगतात. की पूर्वी विज्ञान नव्हतं म्हणून माणसाने वीज, पाऊस, ऋतू यांची कारणं गोष्टीतून शोधली. एकोणिसाव्या शतकात विद्वानांचं हेच लाडकं मत होतं, मॅक्स म्युलरला तर जिथे तिथे सूर्यच दिसायचा. मला हे अर्धवट वाटतं. ग्रीकांची पर्सेफोनीची कथा घ्या. ती फुलं तोडत असते, जमीन फाटते, पाताळाचा राजा हेडीस तिला पळवून नेतो. आई दिमीतर, धान्याची देवी, ती दिवटी घेऊन नऊ दिवस शोधत फिरते, मग रागाने आणि दुःखाने पिकंच उगवू देत नाही, शेवटी देवांचा राजा झ्यूस, त्याला झक मारत मुलीला परत आणावं लागतं. पण तिने खाली डाळिंबाचा एक दाणा खाल्लेला असतो, म्हणून वर्षातला तिसरा हिस्सा तिने पाताळात राहायचं. यातून ऋतू 'समजतात' हे खरं, पण नुसते ऋतूच समजवायचे असते तर एवढं कशाला लागतं? दोन वाक्यांत काम झालं असतं. उरलेली सगळी कथा मुलगी न विचारता उचलून नेल्यावर आईचं काय होतं याची आहे. शेतकऱ्याला कधी पेरायचं असतं हे दिमीतर नसती तरी माहीत होतंच.

मात्र काही वेळा गोष्टीत खरीखुरी माहिती भरून ठेवलेली असते हेही तेवढंच खरं. इंडोनेशियाच्या सिमेउलुए बेटावर 1907 साली मोठा भूकंप होऊन त्सुनामी आली होती. वाचलेल्यांनी ती गोष्ट पुढे ठेवली, 'स्मोंग' या शब्दात, आजी-आजोबांकडून नातवंडांकडे, गाण्यांतून, अंगाईतून: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला तर भांडीकुंडी सोडा आणि डोंगराकडे पळा. 26 डिसेंबर 2004 ला पहिली लाट ज्या किनाऱ्यांवर आदळली त्यातलं एक हे बेट, भूकंपाचं केंद्र अगदी जवळ, वेळ मिनिटांत मोजण्याएवढा, आणि सुमारे 78000 वस्तीत फक्त सात माणसं गेली. पलीकडे सुमात्राच्या किनाऱ्यावर, जिथे ही गोष्ट नव्हती, तिथे लाखाच्या वर. काटेकोर बोलायचं तर स्मोंग मिथकापेक्षा आठवणीच्या जवळ आहे, देव वगैरे त्यात नाहीत.

पण आठवण हजारो वर्षं फिरली की तिचं रूप बदलतं. अमेरिकेत ऑरेगनमध्ये क्रेटर लेक म्हणून जवळजवळ 600 मीटर खोल तलाव आहे, तिथे पूर्वी माझामा नावाचा ज्वालामुखी होता, तो साधारण 7700 वर्षांपूर्वी फुटून आत कोसळला. तिथल्या क्लामाथ लोकांच्या कथेत पाताळाचा लाओ आणि आकाशाचा स्केल यांची आगीची आणि दगडांची लढाई होते, लाओचा डोंगर त्याच्यासकट आत खचतो आणि खड्ड्यात पाणी भरतं. आणि त्या काळी माणसं आसपास होती का, तर होती, त्याच भागातल्या एका गुहेत माझामाच्या राखेच्या थराखाली झुडपाच्या सालीच्या विणलेल्या चपला सापडल्यात. राखेखाली, म्हणजे स्फोटाच्या आधीच्या. तरी यावरून उठून प्रत्येक महापुराच्या कथेमागे पूर शोधत सुटू नये. काही कथांत पूर येतो कारण सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करायला गोष्टीला पूर फार सोयीचा पडतो, बाकी काही नाही.

क्लोद लेवी-स्ट्रॉस या फ्रेंच विद्वानाचा मुद्दा थोडक्यात सांगतो कारण त्याचं लिखाण डोकं उठवतं. तो म्हणतो मिथकं विरुद्ध गोष्टींच्या जोड्या हाताळतात, जगणं-मरणं, कच्चं-शिजवलेलं, आणि मध्ये काहीतरी पूल घालतात. उत्तर अमेरिकेतल्या कितीतरी कथांत लबाड नायक कावळ्याच्या जातीचा पक्षी नाहीतर कायोटी म्हणजे कोल्ह्यासारखा प्राणी असतो, तो का? कारण हे दोघं मेलेलं खातात. मांस खातात म्हणजे शिकाऱ्यासारखे, पण त्याच्या हिशोबाने मारत नाहीत म्हणजे चरणाऱ्यांसारखे. ना इकडचे ना तिकडचे. हे प्रत्येक कथेला लागू पडतं असं मला वाटत नाही, ओढूनताणून बसवलेलं पण खूप आहे, पण एवढं एक उदाहरण डोक्यातून जात नाही. फ्रॉइड वगैरे मंडळींचं सोडून देतो, त्यांना सगळीकडे बापच दिसतो.

आता माझ्या मते मिथकाचं जे सगळ्यात अवघड काम आहे त्याबद्दल, म्हणजे मरण. परत ट्रोब्रिआंडला जाऊ. तिथे सांगतात की पूर्वी माणसं म्हातारी झाली की सापासारखी कात टाकायची आणि परत तरुण व्हायची. एकदा एक म्हातारी तिच्या नातीला घेऊन खाडीवर गेली. नातीला आंघोळीला सोडून म्हातारी जरा बाजूला गेली, तिथे तिने कात टाकली, ती पाण्यावर वाहत जाऊन एका झुडपाला अडकली. ती तरुण होऊन परत आली तर नात घाबरली, तू कोण, चल जा इथून. आजी खूप दुखावली. परत गेली, झुडपावर अडकलेली कात शोधली, अंगावर चढवली आणि आली. आता नातीने ओळखलं, म्हणाली, आत्ता इथे एक मुलगी आली होती, मी तिला हाकललं. आजी म्हणाली, ती मीच होते, तू मला ओळखलं नाहीस, ठीक आहे, तू म्हातारी होशील आणि मी मरेन. घरी आल्यावर तिने तिच्या मुलीलाही हेच सांगितलं, आणि तेव्हापासून माणसांनी कात टाकणं बंद झालं.

मालिनोव्स्कीने यावर म्हटलंय ते मला पटतं, की एवढी अवाढव्य, आकार नसलेली भीती, ती या गोष्टीत एका घरगुती रुसव्याएवढी होते. मरण देवाच्या शापाने नाही आलं, पापाने नाही आलं, एका पोरीने आजीला ओळखलं नाही म्हणून आलं. टाळता आलं असतं, थोडक्यात हुकलं. उत्तर म्हणून याला शून्य मार्क, पण हातात धरता येतं. आणि कातीचा हा धागा कुठवर जातो बघा, मेसोपोटेमियाच्या, म्हणजे बाबिलोनच्याच मुलखातल्या, जुन्या कथेतल्या गिलगमेश राजाने मित्र मेल्यावर मरणाच्या भीतीने जग पालथं घालून, समुद्राच्या तळाशी जाऊन म्हातारपण घालवणारी वनस्पती मिळवलेली असते, परतताना एका थंड पाण्याच्या तळ्यात आंघोळीला उतरतो आणि तेवढ्यात वासाने एक साप येऊन ती घेऊन जातो. जाता जाता साप कात टाकतो. गिलगमेश तिथेच बसून रडतो.